एका पेनीचं पत्र आणि चौसष्ट किलोमीटर समुद्र

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला एका लाकडाच्या तुकड्याबद्दल सांगतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर कधीकाळी कुणा कोळ्याला एक विचित्र वस्तू सापडायची. हातभर लांबीचं लाकूड, होडीच्या आकारात तासलेलं. मध्ये पोकळ केलेलं आणि वर झाकण ठोकलेलं. शेजारी मेंढीच्या कातड्याचा फुगवलेला फुगा दोरीने बांधलेला, म्हणजे लाकूड बुडू नये. झाकणावर तापवलेल्या सळईने शब्द डागलेले, की कृपया उघडा. आत एक बाटली किंवा डबी, तिच्यात पत्र आणि पत्राबरोबर एक पेनी. पेनी कशासाठी? ज्याला सापडेल त्याने तिकीट लावून पत्र पुढे टपालात टाकावं म्हणून.

हे पत्र पाठवणारी माणसं सेंट किल्डा नावाच्या बेटांवर राहत होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची रांग आहे, तिच्याही पलीकडे सुमारे ६४ किलोमीटरवर, थेट अटलांटिक महासागरात, ही बेटं उभी आहेत. वस्ती फक्त हिर्टा या मुख्य बेटावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उणीपुरी सत्तर-ऐंशी माणसं होती. भाषा गेलिक. उपजीविका म्हणजे मेंढ्या, थोडंसं धान्य आणि समुद्रकड्यांवरचे पक्षी. दोरांना लटकून हे लोक पक्षी आणि अंडी गोळा करत. मांस खायला, तेल दिव्याला, पिसं खंडात द्यायला.

आता तुम्ही म्हणाल, हे ब्रिटन ना? ज्या देशाने पेनीचं टपाल जगाला दिलं, ज्याच्या आगबोटी मुंबईपासून सिडनीपर्यंत धावत होत्या, त्याच देशातल्या लोकांना पत्र पाठवायला लाकूड का तासावं लागलं? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. दूरच्या बेटावर आगबोटीने टपाल पोचवायची व्यवस्था कशी लावतात, ती कुठे अडते, आणि अडली की माणसांचं काय होतं.

पेनीचा हिशेब

सुरुवात पैशापासून करू, कारण गाठ तिथेच आहे.

१८४० च्या आधी ब्रिटनमध्ये टपाल हशील अंतरावर ठरायचं. जितकं लांब तितकं महाग, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने १८३७ साली एक पुस्तिका लिहून या सगळ्याचा हिशेबच मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र नेण्याचा प्रत्यक्ष वाहतूक खर्च किती? त्याचं उत्तर आलं, एका पेनीचा छत्तिसावा भाग! म्हणजे खरा खर्च वाहून नेण्यात नाहीच. तो आहे पत्र घेण्यात, नोंदवण्यात, पैसे वसूल करण्यात. मग अंतर विचारात घ्यायचं कशाला? सगळीकडे एकच दर, एक पेनी, आणि तो आधीच भरायचा. १८४० मध्ये हे सुरू झालं. आपल्याकडेही १८५४ पासून हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला, हे तत्त्व आलं.

पण हिलचा छत्तिसावा भाग नीट बघा. तो इतका लहान का? कारण लंडन-एडिंबरो गाडीत हजारो पत्रं असत. गाडीचा खर्च हजारांत वाटला गेला. हे गर्दीचं गणित आहे.

आता हेच गणित हिर्टाला लावून बघू. समजा एका थैलीत पन्नास पत्रं आहेत. पन्नास पेनी झाल्या. बारा पेनींचा शिलिंग, म्हणजे चार शिलिंग दोन पेनी. एवढ्या पैशात आगबोट हिर्टापर्यंत जाणं सोडा, तिच्या बॉयलरखाली धड विस्तवसुद्धा पेटणार नाही. पत्राला तिकीट एका पेनीचंच, पण शेवटच्या चौसष्ट किलोमीटरचा खर्च कुणी द्यायचा?

आणि गंमत म्हणजे हे हिलला ठाऊक होतं. त्याने त्याच पुस्तिकेत वाटपाचे दोन भाग केले होते. मोठ्या गावांमधलं मुख्य वाटप, आणि तिथून आडगावात होणारं दुय्यम वाटप. एकसारखा दर त्याने मुख्य वाटपासाठी सुचवला होता. आडगावाला वेगळी आकारणी असावी, असं त्याचं म्हणणं होतं. व्यवहारात मात्र एकच दर सगळ्यांना लागू झाला, आणि ते न्याय्यच होतं. पण त्यातून एक वचन तयार झालं. तिकीट लावलंत ना, मग तुम्ही कुठेही असा, पत्र पोचेल. वचन सरकारने दिलं, ते पाळायचं मात्र समुद्रावर.

टपालाची बोट म्हणजे काय

आता आगबोटीकडे येऊ. शिडाच्या जहाजावरून टपाल पूर्वीपासून जात होतंच. आगबोटीने नवीन काय दिलं? नुसता वेग नव्हे. तिने तारीख दिली. शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीवर. ‘निघू तेव्हा निघू, पोचू तेव्हा पोचू’ असा कारभार. आगबोट म्हणू शकते, की अमुक वारी निघेन आणि साधारण तमुक वारी पोचेन. टपालाला हेच हवं असतं.

पण तारखेची किंमत कोळशात मोजावी लागते. याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १८३० च्या मार्च महिन्यात ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. ती मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली होती. मुंबई-सुएझ मार्गावरची ही पहिली आगबोट, आणि हेतू विलायतेचं टपाल लवकर पोचवण्याचा. पण एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा ठेवायला बोटीत जागाच नव्हती. मग जिथे मावेल तिथे कोळसा कोंबला. माल ठेवायला जागा उरली नाही, प्रवाशांना तर नाहीच. एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपला होता. सुएझला पोचायला महिनाभर लागला. बोट पोचली, मार्ग सिद्ध झाला, पण खर्च असा की कंपनीच्या हिशेबनिसांना घाम फुटावा.

म्हणून पुढे टपालाच्या आगबोटींची जी पद्धत बसली, ती करारावर उभी होती. सरकार बोटकंपनीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं. त्या बदल्यात कंपनीने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या बंदरातून बोट सोडायची. उशीर झाला तर दंड. बाकी माल आणि प्रवासी कंपनीचे, ती कमाई तिची. पी अँड ओ, क्यूनार्ड या बड्या कंपन्या अशा करारांवरच मोठ्या झाल्या.

थोडक्यात, बेटावर टपालाची बोट नियमित जायची तर चार गोष्टी जमाव्या लागतात. एक, बोटीला तिथे जायला टपालाशिवाय दुसरं काहीतरी कारण हवं, माल किंवा माणसं. दोन, उरलेली तूट भरून देणारा कुणीतरी हवा. तीन, बोट पोचल्यावर थैली किनाऱ्याला उतरवता आली पाहिजे. आणि चार, बोट येणार नाही तेव्हासाठी काहीतरी दुसरी सोय हवी. सेंट किल्डाला या चार सांध्यांपैकी एकेक सांधा कसा होता, ते आता बघू.

उन्हाळ्यातली थैली

फार पूर्वी हिर्टाचा बाहेरच्या जगाशी संबंध येई तो वर्षातून एकदा. जमीनदाराचा कारभारी उन्हाळ्यात शिडाच्या बोटीने खंड वसूल करायला येई आणि गरजेच्या वस्तू देऊन जाई. पत्र पाठवायचं तर त्याच्याबरोबर, किंवा चुकूनमाकून आलेल्या जहाजाबरोबर.

१८७७ मध्ये चित्र बदललं. ‘डुनारा कॅसल’ नावाची आगबोट ग्लासगोहून उन्हाळी सफरींसाठी तिथे येऊ लागली. १८९८ नंतर तिच्या जोडीला ‘हेब्रिडीज’ नावाची दुसरी आगबोट आली. या बोटी काय टपालासाठी निघत नव्हत्या. वाटेतल्या बेटांना माल पोचवायचा, आणि शहरातल्या हौशी प्रवाशांना ‘जगाच्या टोकाची माणसं’ दाखवायची, हा त्यांचा धंदा. म्हणजे आपला पहिला सांधा जुळला. बोटीला जायला कारण मिळालं. थैली त्या कारणाच्या पाठीवर बसून गेली.

१९०० साली हिर्टावर अधिकृत टपाल कचेरी उघडली. पहिले पोस्टमास्तर म्हणजे तिथले धर्मोपदेशक, कारण लिहिण्या-वाचण्याचं काम तेच करत. पुढे ते काम नील फर्ग्युसन या बेटावरच्याच माणसाकडे आलं.

आता एक उन्हाळी टपालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बोट खाडीत शिरते, नांगर टाकते, भोंगा देते. किनाऱ्याला मोठी बोट लागू शकेल असा धक्का नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटा धक्का बांधला, पण तो होड्यांपुरताच. त्यामुळे बेटकरी होडी वल्हवत बोटीपाशी जाणार. थैली होडीत, पोती होडीत, प्रवासी होडीत. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. हर्णैला काय, जयगडला काय, बोट बाहेर उभी आणि पडावातून उतरायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की उडी, नाहीतर पाय मध्येच.

हिर्टाची खाडी आग्नेयेला उघडी. त्या दिशेचा वारा असला की होडी घालताच येत नाही. बोट समोर दिसते आहे, थैली तिच्यात आहे, आणि मध्ये शे-दोनशे वाव फेसाळ पाणी. असं झालं की बोट थैलीसकट परत. हा झाला तिसरा सांधा. टपालाच्या वाटेतला सगळ्यात अवघड टप्पा हा बहुतेक वेळा सगळ्यात छोटा असतो.

आणि बोट आली तरी थांबणार किती? काही तास. तेवढ्यात प्रवासी गाव बघून घेणार, लोकरी कापड आणि अंडी विकत घेणार, आणि टपाल कचेरीसमोर रांग लावून चित्रांची कार्डं टाकणार. का? कार्डावर सेंट किल्डाचा शिक्का हवा म्हणून. म्हणजे बघा, उन्हाळ्यात ही कचेरी गजबजायची ती पाहुण्यांच्या कार्डांनी. बेटकऱ्याची अडचण वेगळीच. ग्लासगोला गेलेल्या मुलाचं पत्र आत्ता हातात पडलं आहे. त्याला उत्तर याच बोटीने पाठवायचं, तर बोट उभी आहे तेवढ्यातच लिहायला हवं. विचार करायला वेळ नाही. आणि विचार करत बसलं, तर पुढची बोट येईपर्यंत थांबायचं. मोसमातली शेवटची बोट असेल तर? तर थेट पुढचा उन्हाळा.

हिवाळ्यातलं लाकूड

आपल्याकडे कोकणात पावसाळ्याचे महिने बोट बंद असायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, मग दर्यात जायचं. पण कोकणाला पाठीशी सह्याद्रीचे घाट होते. बोट नसली तरी टपाल घाटाने येई, उशिरा का होईना. मुंबईच्या गिरणीतून पाठवलेली मनिऑर्डर पावसाळ्यातही घरी पोचे. हिर्टाला घाट नव्हता. तिथे समुद्र बंद म्हणजे सगळंच बंद, आणि समुद्र बंद असायचा तो वर्षातला बराच मोठा काळ.

मग चौथा सांधा काय? दोन उपाय होते. पहिला, मासेमारीच्या वाफेच्या बोटी, ज्यांना ट्रॉलर म्हणतात. फ्लीटवूड, ॲबर्डीन अशा बंदरांचे ट्रॉलर वादळात खाडीच्या आडोशाला येत. आले तर त्यांच्याबरोबर पत्रं जायची, यायची. खलाशी अनेकदा माणुसकीने थोडं धान्य, थोडा कोळसाही द्यायचे. पण ट्रॉलर मासळीमागे जातो, तारखेमागे नाही.

दुसरा उपाय म्हणजे ते लाकूड. त्याची कथा मोठी आहे. १८७७ च्या हिवाळ्यात जॉन सँड्स नावाचा पत्रकार बेटावर अडकून पडला होता. जानेवारीत ‘पेती दुब्रोवाच्की’ हे ऑस्ट्रियाचं जहाज जवळ फुटलं आणि त्यातले नऊ खलाशी वाचून किनाऱ्याला आले. आता धान्य मोजकं, वसंत अजून लांब, आणि तोंडं नऊने वाढली. बेटकऱ्यांनी त्यांना घरोघरी वाटून घेतलं, आपल्यातलं दिलं. पण हे किती दिवस चालणार? सँड्सने ३० जानेवारीला त्याच जहाजाच्या तरंगत्या कड्याला एक बाटली बांधली, तिच्यात निरोप घातला आणि समुद्रात सोडून दिला. नऊ दिवसांत तो ऑर्कनी बेटांवर लागला. तिथून खबर पुढे गेली, आणि २२ फेब्रुवारीला ‘जॅकल’ ही नौदलाची बोट खलाशांना न्यायला हजर झाली.

यातूनच बेटकऱ्यांची लाकडी होडीची पद्धत रूढ झाली. तिलाही शास्त्र होतं. वायव्येचा वारा असताना ती सोडायची, म्हणजे ती परत खाडीत न येता पूर्वेकडे ढकलली जाते. पुढे अटलांटिकचा प्रवाह तिला ईशान्येला नेतो. नशीब असेल तर ती लुईस बेटावर किंवा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लागते, नाहीतर नॉर्वेला. सोडलेल्या तीन होड्यांपैकी साधारण दोन कुणाला ना कुणाला सापडत, असं सांगतात. १८८५ मध्ये वादळाने पीक नासलं, तेव्हा अशाच होडीने लुईसला निरोप गेला आणि धान्य-बियाण्याची मदत आली.

पण एक लक्षात घ्या. लाकडी होडी ओरडू शकते, बोलू शकत नाही. ‘आम्ही संकटात आहोत’ एवढंच ती सांगते. तिला उत्तर आणता येत नाही. संकटाच्या हाकेला टपाल म्हणत नाहीत. टपाल म्हणजे जाणं आणि येणं, दोन्ही.

दुसरीकडे काय केलं

सेंट किल्डा एकटंच होतं असं नाही. प्रशांत महासागरात टोंगा देशाचं न्युआफोऊ नावाचं बेट आहे. ज्वालामुखीचं कडं, ना बंदर, ना नांगर टाकण्याजोगा तळ. तिथे पहिला आणि दुसरा सांधा ठीक होता, जवळून आगबोटी जात. अडत होता तिसरा. १८८२ मध्ये तिथल्या एका मळ्याच्या व्यवस्थापकाने तोडगा काढला. बोटीने टपाल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून, डबा झाळून समुद्रात टाकायचा, आणि बेटावरच्या पोहणाऱ्यांनी तो आणायचा. पुढे बेटाचं नावच ‘पत्र्याच्या डब्याचं बेट’ पडलं. १९३१ मध्ये शार्कने एका पोहणाऱ्याचा बळी घेतला, तेव्हा पोहणं बंद करून होड्या वापरायला लागले. तिकिटं जमवणारे लोक जगभरातून मुद्दाम तिथून पत्रं पाठवून घेत, हौस म्हणून. त्या हौसेची किंमत कोण मोजत होतं, ते शार्कने दाखवलं.

दक्षिण अटलांटिकमधलं त्रिस्तान द कुन्हा आणखी एकाकी. सगळ्यात जवळची वस्ती, म्हणजे सेंट हेलेना, दोन हजार चारशे किलोमीटरवर. पहिलं महायुद्ध संपल्याची बातमी तिथे १९१९ मध्ये ‘यार्मथ’ ही युद्धनौका घेऊन आली! तिथे प्रश्न होता दुसऱ्या सांध्याचा, तूट कोण भरणार. १९४६ मध्ये तिथल्या तिकिटाचा एक नमुना तयार झाला होता, त्यावर किंमत छापली होती एक पेनी, आणि खाली लिहिलं होतं चार बटाटे. कारण बेटावर पैशापेक्षा बटाटे चालत. तो नमुना काही मंजूर झाला नाही. पण १९५२ पासून त्रिस्तानला स्वतःची तिकिटं मिळाली, आणि जगभरातल्या संग्राहकांना ती विकून बेटाला चार पैसे मिळू लागले. म्हणजे पत्राचा खर्च पत्राच्या तिकिटाने नव्हे, तर कधीच न वापरलेल्या तिकिटांनी भरायला मदत केली.

सवय लागली आणि तुटली

आता परत हिर्टाला येऊ, कारण गोष्टीचा खरा भाग राहिला आहे.

१९१२ मध्ये बेटावर अन्नाची टंचाई झाली. खबर एका ट्रॉलरने बाहेर आणली, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, नौदलाने अन्न पोचवलं. १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राच्या मदतीने तिथे बिनतारी यंत्र बसलं. मग आलं पहिलं महायुद्ध. मोक्याची जागा म्हणून नौदलाची तुकडी हिर्टावर ठेवली गेली. आणि काय झालं? नौदलाची रसदबोट नियमित येऊ लागली. तिच्याबरोबर टपाल, धान्य, वर्तमानपत्रं. चारही सांधे एकदम जुळले, कारण आता जायला कारण होतं, आणि खर्च युद्धखात्याचा होता. १५ मे १९१८ ला जर्मन पाणबुडीने येऊन गावावर तोफगोळे डागले, एवढी ती जागा महत्त्वाची ठरली होती.

युद्ध संपलं. तुकडी गेली. तिच्याबरोबर नियमित बोटही गेली.

मंडळी, मला वाटतं इथे या सगळ्याचा गाभा आहे. १९१४ च्या आधी हिर्टाच्या माणसाला हिवाळाभर पत्र नसणं हा निसर्गाचा नियम वाटत होता. थंडी असते तसंच हे. पण चार-पाच वर्षं टपाल नियमित मिळालं आणि लोकांना कळलं, की हे करता येतं. समुद्र तोच, वारा तोच, खाडी तीच. येणारी बोट थांबली ती वादळामुळे नाही, तर कुणाला तरी आता तिची गरज राहिली नाही म्हणून. एकटेपणा आधीही होता. आता त्यात उपेक्षा मिसळली.

तरुण जाऊ लागले. पत्रांतून कळत होतंच, ग्लासगोत काय पगार मिळतो, डॉक्टर किती जवळ असतो. १९२१ च्या जनगणनेत बेटावर ७३ माणसं होती. १९३० मध्ये उरली ३६. होडी वल्हवायला, कडा उतरायला धडधाकट पुरुष पुरेनात. बोट आली तरी थैली आणायला हात हवेत ना? १९३० च्या जानेवारीत एक तरुण आई आजारी पडली, तिला उपचारासाठी मुख्य भूमीला नेलं, आणि ती इस्पितळातच वारली.

१० मे १९३० रोजी बेटकऱ्यांनी सरकारला अर्ज लिहिला, की आम्हाला इथून हलवा. वीस जणांनी त्यावर नावं घातली. आणि हा अर्ज गेला कशाने? टपालाने. त्या कचेरीतून गेलेलं हे सगळ्यात महत्त्वाचं पत्र म्हणायला हवं.

ऑगस्टच्या शेवटी ‘डुनारा कॅसल’ येऊन मेंढ्या आणि सामान घेऊन गेली. शेवटचा शिक्का मिळावा म्हणून संग्राहकांची ढीगभर पत्रं आली होती. गाव उठत असताना कचेरीत ठप्पे मारणं चालू होतं. २९ ऑगस्टला ‘हेअरबेल’ या नौदलाच्या बोटीवर ३६ माणसं चढली. निघण्याआधी त्यांनी घरांत बायबल उघडून ठेवलं, शेजारी मूठभर ओट ठेवले, आणि दारं लावून घेतली.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. टपालाची व्यवस्था आपण नकाशावर रेघ ओढावी तशी बघतो. इथून बोट निघाली, तिथे पोचली. प्रत्यक्षात ते समाजाने दिलेलं वचन असतं, की तू कितीही लांब अस, तू आमच्यातला आहेस. एका पेनीचं तिकीट म्हणजे त्या वचनाची पावती. हिर्टाला पावती मिळाली, कचेरी मिळाली, शिक्का मिळाला. वचन मात्र उन्हाळ्यापुरतं राहिलं.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आता विमानं, इंटरनेट आल्यावर हा प्रश्न संपलाच असेल ना?*

पत्राचा बराचसा संपला, वस्तूचा नाही. त्रिस्तानवर आजही विमानतळ नाही. सगळं केपटाउनहून बोटीने जातं, आणि प्रवास साधारण आठवडाभराचा. निरोप क्षणात पोचेल, पण औषध, चष्मा, यंत्राचा सुटा भाग? त्याला बोटच लागते, आणि तेच चार सांधे. आपल्याकडेसुद्धा एखाद्या दुर्गम वाडीसाठी मोबाईलचा मनोरा उभा राहतो, पण पुलाचं काम रखडतं, तेव्हा हेच घडत असतं.

*प्रश्न: त्या लोकांना नियमित बोट दिली असती तर ते राहिले असते का?*

प्रामाणिक उत्तर असं, की काही राहिले असते, सगळे नाही. तरुणांना शहराची ओढ होती, आणि ती बोटीने वाढते, कमी होत नाही. कोकणातल्या गावांचा अनुभव आठवा. बोट मनिऑर्डर आणते आणि तरुण घेऊन जाते. पण म्हणून बोट देऊ नये, असं होत नाही. ज्याला जायचं त्याने जावं, ज्याला राहायचं त्याला राहता यावं, एवढी निवड तरी हवी. १९३० मध्ये बेटकऱ्यांनी अर्ज स्वतः केला, कुणी हुसकावलं नाही, हे खरं. पण हिवाळाभर बोट येत असती, तर त्यांनी अर्जात कदाचित दुसरं काहीतरी मागितलं असतं.